पुण्यात अर्धं, डब्लिनमध्ये उंबरा, चिखलीत घर

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शनिवारी दुपारी आम्ही बुटांना खडू लावायचो. ओला खडू पांढऱ्या कॅनव्हासवर घासायचा, बूट कठड्यावर ठेवायचे आणि वाळेपर्यंत शेजारी बसून राहायचं. अशाच एका शनिवारी शकूनं मला विचारलं, "तू मोठी झाल्यावर कुठं राहशीन?"

"जिथं दिवा माझ्या मर्जीनं बंद होईल तिथं," मी म्हणाले. नऊच्या ठोक्याला सिस्टर दिवे घालवायच्या, त्याचा तो राग.

"मी त चिखलीलेच राहीन," शकू म्हणाली आणि तिनं बूट उलटे केले.

शकू खरंच चिखलीला राहिली आणि परिचारिका म्हणून तिथंच निवृत्त झाली. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि पुण्यात चौतीस वर्षांत पाच भाड्याची घरं बदलली. शेवटच्या घरात आम्ही नवरा-बायको होतो, तो गेल्यावर मी एकटी. यंदा मालकांनी सांगितलं, इमारत पाडून नवी बांधणार, दिवाळीपर्यंत जागा सोडा. माझं वय बासष्ट, हाताशी फंडाचे चोवीस लाख. या वयात पुन्हा कुणाच्या तरी 'फॅमिली हवी' अशा पाटीखाली उभं राहायचं नव्हतं. घर हवं होतं, स्वतःचं, आणि दिवाळीच्या आत.

पुण्यात शहराबाहेरची एक खोली-स्वयंपाकघर पाहिली. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीनं आकडे मांडले आणि फार गोड आवाजात विचारलं, "मॅडम, सहकर्जदार कोणी आहे का?" माझ्या पैशात तिथं अर्धं घर येत होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी बँक बासष्टाव्या वर्षी दारात उभं करत नाही. माझी मुलगी रेवा डब्लिनला असते. चांगला पगार आहे, तरी चौघींबरोबर एक घर वाटून राहते. तिला विचारलं तर हसली. "आई, तुझ्या पैशात इथं फक्त उंबरा येईल. दार लावायला कर्ज काढावं लागेल. आणि मलाही ते मिळत नाही गं."

शकूला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग काऊन तिथं मरून राह्यली? इकडं ये."

पुण्याहून सकाळच्या एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची चिंता नाही. चिंता फक्त कमरेची, कारण अख्खा दिवस जातो. संभाजीनगरला पाय मोकळे करून घ्या, जालन्याच्या स्टँडवर कचोरी आणि तळलेली मिरची खा. देऊळगाव राजा मागे पडलं की दोन्ही बाजूंना पिवळी पडत चाललेली सोयाबीन आणि मधूनच फुटलेला कापूस. मागच्या सीटवर एक बाई दुसरीला सांगत होती, "जावयानं मुंबईत खोली घेतली म्हणते. इतकूशी. माह्या बकऱ्या मावाच्या नाही तिच्यात." मी खिडकीकडे तोंड करून हसले. निघाल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी शकूबरोबर जीपनं मेहकर आणि तिथून पुढं सुलतानपूर. समृद्धी महामार्ग झाल्यापासून या भागात प्लॉटचे फलक पिकांपेक्षा दाट उगवलेत. एका एजंटनं आम्हाला उभ्या सोयाबीनमध्ये नेलं. चार कोपऱ्यांत दगड, मधे चुन्याच्या रेषा.

"हा गार्डन, हे क्लबहाऊस," तो शेंगांकडे बोट दाखवत म्हणाला.

"बिनशेती झालं काय?" शकूनं विचारलं.

"होऊन राह्यलं, मावशी."

"होऊन राह्यलं म्हंजे झालं नाही. सोयाबीन त कापू दे बे आधी!"

तोही हसला बिचारा, आम्हाला उसाचा रस पाजला आणि मेहकरच्या स्टँडवर सोडलं. तुम्ही प्लॉट पाहायला येणार असाल तर शकूचा हा एक प्रश्न पाठ करून या.

तिसऱ्या दिवशी चिखलीतलं गवईकाकांचं घर. काका निवृत्त शिक्षक, मुलीकडे नागपूरला चाललेत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं बसायला ओटा, बोअरला पाणी, वर गच्ची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट परातीत पडेल असं. भाव एकोणीस लाख. मी दोनदा विचारून घेतला.

माझ्या पुणेरी हातांना राहवेना. चेकबुक काढलं आणि ओट्यावरच चेक लिहिला. काकांनी तो हळूच माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं, यांना भाव कमी वाटतोय. मी म्हणाले, "बरं, वर पन्नास हजार देते." शकूनं कपाळाला हात लावला.

"अहो बाई, भाव नाही वाढवाचा," काका म्हणाले. "रहीमभाईले इचारा लागते. त्यायची भिंत लागून आहे."

इथली रीत अशी: घर विकायचं तर आधी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला विचारायचं. तो नको म्हणाला की मगच बाहेरच्याचा इसार घ्यायचा. कागदावर कुठं लिहिलेलं नाही, पण काका ती मोडणार नव्हते. रहीमभाईंचा गाद्या भरायचा धंदा. लग्नाच्या गाद्या पोचवायला ते बुलढाण्याला गेले होते. दुपारभर मी त्या ओट्यावर बसून एका न पाहिलेल्या माणसाच्या नकाराची वाट पाहिली. शकूनं ठेचा-भाकरी आणली होती, ती मी तशीच बांधून ठेवली.

पाचच्या सुमारास ते आले. दाढीत कापूस अडकलेला. काकांनी त्यांना सगळं सांगितलं.

"घर त मले पाह्यजेच होतं," ते म्हणाले. "दहा साल झाले. पोराच्या लग्नात भीत पाडून एकच करायचं ठरलं होतं."

शकूनं माझा हात धरला.

"पण पोट्ट्यानं पुण्यात घेतलं. दोन खोल्या. वीस सालचं कर्ज! तेवढ्यात इथली अर्धी गल्ली आली असती. अन् तुम्ही उलट्या इकडं येऊन राह्यल्या? तुमचं कोणी नाही का?"

मी रेवाबद्दल सांगितलं. पाचजणींचं घर, उंबऱ्याचा हिशेब.

"या अल्ला! विलायतेत पण?" ते ओट्यावर टेकले. "मंग आमचा पोट्टा बराच म्हणायचा." मग गवईकाकांना म्हणाले, "गुरुजी, देऊन टाका. आमची ना नाही. फक्त बाई, एक आहे. तुमच्या गच्चीवर आमची गाद्यांची रुई वाळते. तिथं जायचा जिना बंद करू नका."

एवढंच मागणं. मला रडू आलं, आणि लाजही वाटली नाही.

चौथ्या दिवशी वकिलांकडे कागद दिले. जुनी मालकी आणि नगरपरिषदेचा कर नीट पाहून घ्या, ते पैसे वाचवू नका. कागद स्वच्छ निघाले, इसार झाला आणि रात्रीची गाडी न धरता मी शकूकडेच झोपले, कित्येक महिन्यांनी सलग सात तास.

पुण्यात परतून आठ दिवस झाले. इथले मित्र सुटतील, दवाखाना लांब पडेल, हे कळतंय. तरीही छातीवरचं काहीतरी उतरलंय. रेवा हा ब्लॉग वाचते, म्हणून इथंच लिहून ठेवते.

लोखंडी कपाट आणि फ्रिज स्वयंपाकाच्या लताबाईंना. पुस्तकं शाळेला, शब्दकोश तेवढे माझ्याबरोबर येतील. रेवाच्या बाबांचा रेनकोट कुणाला देऊ नये, मीच वापरणार आहे. शिलाई मशीन रहीमभाईंच्या मुमताजभाभींना, गाद्यांच्या खोळी शिवायला. माझ्यानंतर घर रेवाचं. विकावंसं वाटलं तर आधी त्याच भिंतीपलीकडे विचारावं. खरेदीखत अजून व्हायचंय, पण काकांनी विश्वासानं किल्ल्या आधीच दिल्यात, तीन आहेत. एक शकूकडे. एक भाभींकडे, रुईसाठी. तिसरी मी डब्लिनला पोस्टानं पाठवतेय, ती रेवाची. भाड्याच्या खोलीत टांगायला खिळा ठोकायची परवानगी नसेल, तर तिनं ती उशीखाली ठेवावी.