वळसंग फाट्यावरचं पंक्चर

आधीच सांगून टाकतो, मी सातवीतून शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील, तेवढं पदरात घ्या. पण राग खरा आहे. आता काय सांगू तुम्हाला, लोक सायकलची शर्यत पायानं हरतात. मी हातानं हरलो.

सोलापुरात भवानी पेठेत अण्णांच्या सायकल दुकानात मी सहा वर्षं काम करतोय. यंदा बँकॉकला आशियाई खेळ आहेत. त्यात रस्त्यावरची सायकल शर्यत असते, आणि तिच्यासाठी आमच्याकडंही निवड ठेवली. सोलापूर ते अक्कलकोट आणि परत. पहिले दोघं पुण्याला जाणार, तिथं निवडले तर दिल्ली, मग बँकॉक. मी आजवर रेल्वेनं आमच्याच जिल्ह्यातल्या केम स्टेशनच्या पुढं गेलेलो नाही! अण्णांकडं सुट्टी मागतानाच मला घाम फुटला. त्यांनी सुट्टी दिली, वर दुकानातली सगळ्यात हलकी सायकल दिली. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, सगळं काढून टाकलं.

घंटी काढायला नको होती. ओळख नसलेल्या माणसाला ओलांडून जायचं म्हणजे मला संकोच वाटतो. प्रत्येकाला 'जरा बाजूला' म्हणत म्हणत पुढं सरकलो. तरी अक्कलकोटहून परत फिरलो तेव्हा पुढं दोघंच होतो, मी आणि सुहास. सुहास कॉलेजातला, गिअरची सायकल, तिची सगळी कामं आमच्याच दुकानात.

वळसंग फाट्यावर त्याचं मागचं चाक बसलं. तो उतरला आणि दुकानात म्हणतो तसंच म्हणाला, "दत्ता, बघ रे जरा."

त्याचं बोलणं संपायच्या आत मी खाली उतरलो होतो. आता तुम्हीच सांगा, समोर पंक्चर झालेला माणूस उभा असताना कोण पुढं जाईल?

वळसंग माझं गाव. मला बघायला निम्मं गाव फाट्यावर आलेलं. माझे चुलते आप्पा हॉटेलातून पाण्याची बादली घेऊन आले. मी ट्यूब बुडवली, तेव्हा ते वाकून म्हणाले, "तुजी शर्यत संपली का रं?"

"न्हाय आप्पा. चालूच हाय."

"मग हे काय?"

"पंक्चर."

आप्पांनी मान डोलावली. त्यांना पटलं.

बाभळीचा काटा निघाला. पंक्चरचं सामान माझ्या खिशात असतंच. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकलं, ठिगळ दाबून बसवलं, हॉटेलातल्या पंपानं हवा भरली. चाक फिरवून बघितलं तर किंचित डगमगत होतं. अण्णांची शिकवण अशी, की आपल्या हातून गेलेली सायकल त्याच कामाला परत येता कामा नये. म्हणून चार तारा आवळल्या. तोवर मागून तिसरा गडी आला. त्याची चेन सारखी उतरत होती. ह्याचं झालं की माझी बघा, म्हणाला आणि थांबला. तेवढ्यात गावातला एक जण ब्रेक दाखवायला आपली सायकल घेऊन आला. त्याला मात्र मी खडसावलं. म्हटलं, दिसत न्हाय का, शर्यत चालू हाय.

सुहासची सायकल झाली. तो बसला आणि निघाला. मी ओरडलो, "आरं थांब की, संगं जाऊ!" त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. चेनवाल्यानंही तेच केलं. माझ्या डोक्याची शीर उठली. ही काय माणुसकी झाली? ज्यानं सायकल करून दिली त्याला रस्त्यात टाकून जायचं?

मी सायकलला हात घातला, एवढ्यात पंचांची जीप आली. निवडीचे मुख्य सर खाली उतरले. माझे काळे हात बघितले, बादली बघितली, आणि खूश झाले.

"इथं मेकॅनिक ठेवलाय होय? छान सोय झाली." मग त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली. "पण हा स्पर्धकाचा नंबर तू का लावलास? काढ तो."

मी स्पर्धक आहे. एवढे तीन शब्द बोलायचे होते. ओठापर्यंत आलेही होते. पण मोठ्या माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी पिना काढल्या आणि नंबर त्यांच्या हातात दिला. नीट घडी करून दिला! शेवटचा गडी जाईपर्यंत इथंच थांब म्हणाले. मी थांबलो. आणखी चार सायकली केल्या. रागारागात केल्या, पण चांगल्या केल्या.

संध्याकाळी सत्कार झाला. सुहास पहिला, चेनवाला दुसरा. मग मला बोलावलं आणि रस्त्यावरच्या सेवेबद्दल नारळ दिला. सगळ्यात जोरात टाळ्या सुहास वाजवत होता. मला जेवण गेलं नाही. थांबले नाहीत लेकाचे, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सरांच्या दारात. वाटेत सगळं मोठ्यांदा घोकलं होतं. सर पेपर वाचत बसले होते. मी एका दमात म्हणालो, "सर, मी मेकॅनिक न्हाय. मी शर्यतीत हुतो. त्या दोगांच्या सायकली मी केल्या आन् ते मलाच सोडून गेले. ह्याला काय न्याय हाय का?"

सरांनी पेपर खाली ठेवला. "शर्यतीत होतास? मग थांबलास कशाला?"

"त्याचं पंक्चर झालं हुतं."

"तुझं झालं होतं का?"

"न्हाय."

"अरे, मग तू पहिला होतास की. नुसतं पुढं निघून जायचं होतंस."

शपथेवर सांगतो, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी 'बरं' म्हणालो आणि जिना उतरलो. खाली सरांची सायकल भिंतीला टेकून उभी होती. मागच्या चाकात हवा नव्हती. बघितलं आणि सरळ निघालो. चांगला कोपऱ्यापर्यंत गेलो.

मग परत आलो आणि भरली.