बुजवलेली भेग

दिंद्रुडच्या काळ्या रानाला वैशाखात अशा भेगा पडतात की, काठी आत घातली तरी तळ लागत नाही. सिद्धलिंगआप्पांच्या किराणा दुकानाची किल्ली एका उन्हाळ्यात अशीच भेगेत गेली, ती गेलीच. आप्पांनी कुलूप तोडलं, पण रानाला बोल लावला नाही. "जमीन तोंड वासती ती पाण्यासाठी. तिचा काय गुन्हा?" म्हणाले.

याच आप्पांची लेक शिवांजली. शाळेत पोरांत घुसून फुटबॉल खेळायची. जिल्ह्याच्या पहिल्या सामन्याला पंचानं तिच्या गळ्याकडं बोट केलं. "ते काढ. गळ्यात काही चालत नाही." गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग होतं. ती पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं. न्हाताना नाही, झोपताना नाही, मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, ही लिंगायत घरची रीत. शिवांजलीनं क्षणभर डोळे मिटले, डबी काढली, रुमालात गुंडाळली आणि मैदानात उतरली. घरी येऊन आपणच सांगितलं. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत, आणि पुढं कितीतरी दिवस लेकीशी बोलले नाहीत. आई गंगासागर तेवढी हळूच म्हणाली, "रुमालात ठिवलं म्हणून देव कुठं पळून जातोय व्हय?"

पुढं पुण्याचं वसतिगृह झालं, गोव्याचा क्लब झाला, मग केरळचा. डाव्या बगलेला बचाव करणारी पोर. समोरची कितीबी जोरात पळणारी असू दे, शिवांजली तिला रेषेकडं हाकत न्यायची आणि तिथं चेंडू असा काढून घ्यायची, जसं आई लेकराच्या हातातून विळा काढून घेते. क्लबाच्या मेसमध्ये रोज मासे. ही दहीभातावर राहिली. सगळ्या पोरी हसायच्या, "तू काय गाय हायस का?" ही म्हणायची, "गायीची लाथ बसली की कळंल." घोटे सुजले की बर्फ, बर्फानं भागलं नाही की सुई. करार एका हंगामाचा. हंगाम संपला की पुढच्या फोनची वाट बघत बसायचं.

मग देशाची निळी जर्सी मिळाली. काठमांडूच्या थंडीत राष्ट्रगीत म्हणताना तिचे दात वाजत होते. इकडं आप्पा गल्ल्यावर मोबाइल उभा करून बघत होते. गिऱ्हाईक आलं की आवाज बारीक. "ही आपली शिवांजली दिसती की!" कुणी म्हणालं, तर आप्पा म्हणत, "साखर किती देऊ?" पण त्या रात्री त्यांनी भाकरी जरा जास्त खाल्ली, असं आईनं फोनवर सांगितलं.

आशियाई पात्रता सामन्यांच्या शिबिराचं बोलावणं आलं. त्याआधी थोडे दिवस ती घरी आली, आणि नेमका गावपुढारी सुंदरराव नानांचा वाढदिवस आला, म्हणजे गावात त्यांच्या नावाचा फुटबॉल चषक. चौकात फ्लेक्स लागला. त्यात नानांचा फोटो बैलाएवढा अन् शिवांजलीचा शेळीएवढा.

"बाई, आपल्या चषकाला धा मिनिटं तरी पाय लाव," नाना म्हणाले.

"नाना, ग्राउंडवर भेगा हायत. प्रशिक्षकांची सक्त मनाई हाय. शिबिराआधी कुठंच खेळायचं न्हाई."

"भेगांचा जिम्मा आमचा!"

ती नाहीच म्हणणार होती. पण सकाळी आप्पा दारात येऊन उभे राहिले. धोतराला मुरमाची तांबडी धूळ.

"भेगा म्या सोता बुजवल्यात," म्हणाले. "खेळ."

इतक्या वर्षांत 'खेळ' हा शब्द आप्पांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. त्याला नाही म्हणायची ताकद तिच्यात नव्हती.

सवयीनं तिनं डबी काढून आईच्या हातात दिली. मैदान तळहातासारखं दिसत होतं. डाव्या बगलेला चेंडू घेऊन ती वळली, आणि मुरमाचा पापुद्रा फुटून पाय नडगीपर्यंत खाली गेला. अंग वळलं, पाय वळला नाही. गुडघ्यात वाळक्या पऱ्हाटीसारखं कडकन वाजलं.

चौघांनी ओढून पाय वर काढला, तेव्हा बुटाच्या खिळ्यांना गोणपाटाची चिंधी अडकून आली. तिला हळदीचा वास होता. हळदीचं पोतं गावात एकाच दुकानात फुटायचं. शिवांजलीनं चिंधी मुठीत धरली आणि गाडीत घालताना रस्त्यावर सोडून दिली.

आप्पा गाडीपाशी धावत आले. त्यांनी गुडघा नंतर बघितला, आधी गळा बघितला.

"लिंग कुठाय?"

गंगासागरनं मूठ उघडली. आप्पांनी डबी उचलून लेकीच्या गळ्यात अडकवली. "तरी म्या सांगत होतो. सांगत होतो का न्हाई?"

शिबिर तिच्याविना झालं. पुण्यात लिगामेंटचं ऑपरेशन झालं. वर्षानं परत उतरली, तर सरावातच तोच गुडघा पुन्हा गेला. केरळहून फोन यायचा थांबला. आता ती माजलगावच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि जिना तिरकी होऊन उतरते. आप्पा गिऱ्हाइकाला तेल मोजता मोजता सांगतात, "लिंग काढलं, देव कोपला." नळावरच्या बायाही तेच सांगतात. ती ऐकून घेते. लिंग आता कायम गळ्यात असतं. काढायचं कारणच उरलेलं नाही.

यंदा नानांनी चषकात पोरींचाही सामना ठेवला. शाळेतल्या तिच्या पोरी खेळणार होत्या. आदल्या दिवशी दुपारी ती मैदान बघायला गेली. भर उन्हात आप्पा गुडघ्यावर बसून भेगेत पोतं कोंबत होते. बाजूला तुरीच्या भुसकटाची टोपली, मुरमाचा ढीग, पाण्याची घागर.

"तुझ्या पोरी खेळणार न्हवं? मऊ करून देतो," आप्पा घाम पुसत म्हणाले. "खाली पोतं, वर भुसकट, वर मुरूम. वरून कळतबी न्हाई. फकस्त लिंग काढू देऊ नको कुणाला."

"त्यातल्या एकीच्याबी गळ्यात लिंग न्हाई, आप्पा."

"मग झालं तर."

"मग उद्या त्यांचा गुडघा मोडला, तर कशानं मोडला म्हणायचं?"

आप्पांना कळलं नाही. पुढचं बोलावं की गिळावं, हे तिला तीन उन्हाळे ठरवता आलं नव्हतं. पण उद्या इथं दुसऱ्याची लेक वळणार होती.

"त्या दिवशी माझ्या बुटाला गोणपाट लागून आलतं," ती म्हणाली. "हळदीचं."

आप्पांनी हातातल्या पोत्याकडं बघितलं. बोटं पिवळी झाली होती. बराच वेळ ती बोटं ते धोतराला पुसत राहिले.

"कवापसून ठाऊक हाय तुला?"

"पाय वर काढला तवापसून."

"आन् म्या गावभर..."

ते उठले. चपला काढल्या. नुकत्याच बुजवून गुळगुळीत केलेल्या जागेवर जाऊन सगळा भार एका पायावर टाकला. पापुद्रा फुटला आणि पाय नडगीपर्यंत आत गेला. आप्पा तसेच उभे राहिले.

"हात द्या, आप्पा."

त्यांनी हात दिला नाही. "लई खोल हाय गं," म्हणाले.

शिवांजली दुखरा पाय लांब करून खाली बसली आणि शेजारच्या भेगेतलं पोतं ओढून बाहेर काढायला लागली.