निसवलेल्या धानातली पाच मिनिटं

तुमसरच्या पलीकडे एका खाणीच्या वसाहतीत मी ओव्हरसियर होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. साहेबलोकांनी तिथे गोल्फचं मैदान केलं होतं. हिरवळ कुठली, खळग्याभोवती तेल शिंपडलेली रेती. मैदानाच्या मधोमध धानाची एक बांधी होती, चारी बाजूंनी बांध घातलेलं भातशेत. जमीन खाणीची झाली तरी ती पूर्वीच्याच बाईकडे कसायला होती. ती माझ्या आईबरोबर रोवण्याला, भाताच्या लावणीला जायची. मी तिला काकी म्हणायचो.

मोठ्या साहेबांना जोडीदार मिळेना म्हणून त्यांनी मला खेळायला शिकवलं, आणि मी बरा खेळू लागलो हे त्यांना फारसं रुचलं नाही. त्या वर्षी कपाच्या अंतिम सामन्यात आम्हीच समोरासमोर आलो. जिंकलो तर क्लबचा सभासद करू, असं कमिटीने कबूल केलं होतं. आमच्या वस्तीतला एकही माणूस तोवर क्लबच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसलेला नव्हता. मला ती खुर्ची हवी होती, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

खेळत पुढे जाताना साहेबांचा चेंडू बांधीत गेला. धान नुकताच निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या, खाली पाणी होतं. साहेब आणि त्यांचे दोन दोस्त तळाला खिळे असलेल्या जोड्यांनिशी आत घुसले आणि चेंडू सापडेपर्यंत धान तुडवत राहिले. घड्याळाकडे कोणी पाहिलंच नाही. मीही बोललो नाही, कारण मला वाटलं, खेळात एवढं चालत असेल.

परतताना, शेवटच्या खेळीत, माझा चेंडू तिथेच गेला. साहेबांनी मनगट वर केलं. शोधायला पाच मिनिटं; नाही सापडला तर एक फटका दंड आणि मूळ जागेवरून पुन्हा. नियम खराच होता. मी धुऱ्यावर, बांधीच्या काठावर बसून जोड्यांच्या नाड्या सोडू लागलो. आमच्याकडे उभ्या धानात कोणी जोडे घालून जात नाही. नाड्यांची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. साहेब हसून दोस्तांना म्हणाले, पूजेला चालला वाटतं.

मग मी धानाचा एकेक ठोंब हाताने बाजूला सारत शोधलं. चेंडू बोटांना लागला तेव्हा साहेब नुकतेच म्हणाले होते, "वेळ संपली."

मागे जाऊन अनवाणीच फटका मारला आणि हरलो. सभासदत्वाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. जोडे काढल्याची गोष्ट मात्र क्लबात वर्षानुवर्षं चहाबरोबर चघळली गेली.

संध्याकाळी काकी बांधीवर आली. आडवा झालेला धान पाहून तिने मला हाक मारली. मी सांगितलं, साहेबांनी तुडवला. तिने व्हरांड्यात बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे जोडे माळ्याने केव्हाच धुऊन पुसले होते. मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं. चिखल पोटऱ्यांपर्यंत वाळला होता.

"त्यायच्या पायाले त चिखल नाही," ती म्हणाली. "आन् त्यायले काय समजते धानाचं? तुले त समजत होतं ना, बाबू."

माझे जोडे माझ्या हातातच होते.