वजन त्याच कपड्यांत

माझ्या थोरल्या जाऊबाई लोकांना बारीक करायच्या आणि मोठे भाऊजी त्या लोकांचे कपडे बारीक करायचे. घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, मध्ये एक दार. दाराच्या अलीकडे भाऊजींचं शिलाईचं दुकान, पलीकडे जाऊबाईंचा वर्ग. पलीकडे ज्याचं पोट आत जाई, तो अलीकडे येऊन पँटची कंबर आत घेऊन घेई. आमचे हे म्हणायचे, "दादा-वहिनींच्या दोन्ही हातांत लाडू आहेत, फक्त खायची वहिनीची परवानगी नाही."

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मी अंगाने भरलेली आणि जिभेने तिखट, त्यामुळे त्या वर्गाकडे मी कधी फिरकले नाही. पण जिन्यात उभं राहिलं की खालचं सगळं ऐकू येई, आणि आमच्या घरात भिंतींपेक्षा जिन्यालाच कान जास्त. जाऊबाईंनी उभी हयात एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काढली होती. कुठल्या रोग्याला काय आणि किती वाढायचं, हे ठरवायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून त्यांनी एक मोठा वजनकाटा आणला आणि वर्ग सुरू केला. गल्लीत त्यांचं नाव पडलं काटाबाई.

त्यांचं सांगणं साधं असे. ताट लहान घ्या. अर्ध्या ताटात भाज्या, उरलेल्या अर्ध्यात थोडी डाळ नाहीतर अंडं आणि थोडा भात किंवा पाव. टीव्हीसमोर जेवू नका. तहान लागली की तिला भूक समजू नका. घास गिळू नका, चावा. तोंडात त्याचं पाणी होईपर्यंत चावा. उपाशी त्या कुणालाच ठेवत नसत. "दुपारी उपास करणारा संध्याकाळी बिस्किटांच्या डब्यावर धाड घालतो," असं म्हणत. आणि वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच कपड्यांत. कपडे बदलले की काटा खोटं बोलतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाचं वजन उतरलं की सगळा वर्ग टाळ्या वाजवी. जिन्यात उभी असले तर मीसुद्धा वाजवी, फुकटचं काय जातंय!

आता या काटाबाईंचे यजमान कसे असावेत? भाऊजी म्हणजे ऐसपैस माणूस. मशीनपुढे बसले की स्टूल दिसत नसे. शेजारच्या बेकरीतली लोण्याची बिस्किटं मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीमागे लपवलेली. मधलं दार उघडं राहिलं की वर्गातल्या बायकांना ते दिसत, आणि एकदा त्यांतली एक बोललीच, "मॅडम, हा दिव्याखाली अंधार कसा हो?" सगळ्या हसल्या. जाऊबाईही हसल्या. भाऊजींनी तर दारातूनच उत्तर दिलं, "अहो, मला बघूनच तुम्हाला जेवण कमी करावंसं वाटतं. मी तिचा नोकर आहे, बिनपगारी."

पण संध्याकाळी जाऊबाई माझ्या ओट्यापाशी येऊन गप्प बसल्या. मी म्हटलं, "हसतात त्यांना हसू द्या, ताई." तर म्हणाल्या, "हसण्याचं नाही गं. मामंजी जेवता जेवता ताटावर कोसळले ते मी पाहिलंय. यांचंही रक्तदाब, साखर, सगळं त्याच वाटेने चाललंय. जगाला सांगते आणि माझं माणूस माझ्या हातातून निसटतंय." आपला माणूस मरायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाकी वर्ग, काटा, टाळ्या सगळं त्याच्या नंतर.

आणि मग काय नवल, भाऊजी सुधारले. बेकरीवाला विचारायला लागला, शिंपीदादा रागावले का म्हणून. ताटात चार घास उरू लागले. एकेक घास इतका चावायचे की आमचे हे जेवून, हात धुऊन, पेपर वाचून व्हायचे तरी भाऊजींचं अर्धं ताट तसंच. जाऊबाई कौतुकाने बघत राहायच्या. "इतकी वर्षं सांगत होते, आता कुठे कानात शिरलं," म्हणायच्या. एका आठवड्याला दोन किलो उतरले. जाऊबाईंनी हात धरून त्यांना वर्गात नेलं, काट्यावर उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, या वयातही जमतं!" काय टाळ्या पडल्या! मी जिन्यातून खाली येऊन म्हटलं, "भाऊजी, आता दुसरी बघायला हरकत नाही." ते लाजले. जाऊबाई तर अशा हसत होत्या की लग्नाच्या फोटोतही तशा हसलेल्या नाहीत.

भाऊजींनी स्वतःच्या पँटची कंबर आत घेतली. मग पुन्हा घेतली. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरू लागली. जाऊबाईंनी ठरवलेला आकडा आला आणि मागेही पडला. "आता बास," त्या म्हणाल्या, "आता टिकवायचं. एक घास वाढवा." भाऊजी म्हणाले, "भूकच नाही गं. तुझ्या शिकवणीचा गुण." त्या हसल्या, पण त्या दिवसापासून जेवताना त्या ताटाऐवजी त्यांच्या गळ्याकडे बघू लागल्या.

मी कोथिंबीर मागायला खाली गेले होते, तेव्हाची गोष्ट. दोघं जेवत होती. भाऊजींनी पावाचा एक लहानसा तुकडा तोंडात टाकला आणि चावायला लागले. चावताहेत, चावताहेत. कपाळावर घाम. मग उठले, बेसिनपाशी गेले, आमच्याकडे पाठ केली आणि नळ सोडला. परत आले ते तोंड पुसत, हसत. जाऊबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही चावत नव्हता. तुम्हाला गिळता येत नाहीये." भाऊजींनी पुन्हा तोंड पुसलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. भाऊजींनी ताट पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठला. नळी घालून तपासलं. अन्ननलिकेत गाठ होती, आणि ती चांगलीच वाढलेली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली, असं डॉक्टर म्हणाले. हळू आवाजात बोलले, पण तेवढ्याने गोष्ट थोडीच मऊ होते! बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. जाऊबाईंनी त्यांची बाही धरली आणि म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत?"

भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले, "आधी मलाही वाटलं, तुझं सांगणंच लागू पडतंय. मग घास अडकायला लागला तेव्हा शंका आली. पण तू इतकी खूश होतीस गं. म्हटलं, या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात सांगू."

"वेडे आहात का तुम्ही?" जाऊबाई ओरडल्या. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. बाही मात्र त्यांनी सोडली नाही.

वर्ग बंद झाला. घरात सगळं उलटं सुरू झालं. ज्या बाईने अख्ख्या गल्लीची साखर बंद केली होती, ती आता दुधात साय घोटत होती, वाटून गाळलेल्या भाज्यांत लोणी घालत होती, अंड्याचा बलक साखरेत फेटत होती. "एक चमचा. माझ्यासाठी. आता हा अर्धाच," असं दिवसभर चालायचं. मला तर त्यांचं ते बोलणं ऐकवत नव्हतं. भाऊजी डोळे मिटून गिळायचे. कधी ते पोटात राही, कधी परत येई. आलं की जाऊबाई भांडं धुऊन पुन्हा पहिल्यापासून घोटायला बसत.

काटा त्यांनी भाऊजींच्या पलंगाशी आणून ठेवला. सवय ती जाते का! त्याच वारी, त्याच वेळी, त्याच कपड्यांत. भाऊजींना सारखी थंडी वाजायची, म्हणून त्यांनी पूर्वी कधीतरी स्वतःसाठी शिवलेला अस्तराचा जाड कोट अंगात असे. त्या कोटासकट वजन. पहिले काही आठवडे काटा खाली खालीच गेला. जाऊबाई आकडा बघत आणि भाऊजी जाऊबाईंचं तोंड बघत. मग एका आठवड्याला काटा थोडा वर गेला. पुढच्या आठवड्याला आणखी. जाऊबाई धापा टाकत जिना चढून आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडल्या, "वाढलं गं! वजन वाढलं त्यांचं! अन्न अंगी लागतंय!" मी हातातलं लाटणं टाकून त्यांना मिठी मारली. आम्ही दोघीही रडलो. मला खरंच वाटलं, डॉक्टर चुकले.

काही दिवसांनी जाऊबाई औषधं आणायला गेल्या असताना मी भाऊजींपाशी बसले होते. ते पांघरुणात होते आणि कोट खुर्चीवर. सायीचे डाग पडले होते, म्हणून धुवायला उचलला तर हाताला ओढ लागली. अस्तर चाचपून पाहिलं. आत, शिवणीला लागून, शिशाचे चपटे तुकडे. जाड पडदा सरळ लटकावा म्हणून शिंपी त्याच्या खालच्या शिवणीत घालतात ना, तेच. भाऊजींच्या दुकानात त्यांचा डबाच होता. एकेक तुकडा वेगळ्या कप्प्यात, हाताने घातलेल्या बारीक टाक्यांनी बंद केलेला. मशीन चालवायची ताकद नव्हती, म्हणून पलंगावर बसून शिवलेलं. दर आठवड्याला एक तुकडा वाढवला होता.

मी वळून पाहिलं तर ते जागेच होते. "राहू दे," म्हणाले, "धुवू नकोस."

"भाऊजी, हे काय हो?"

"ती हसते गं." आवाज म्हणजे नुसती कुजबुज उरली होती. "डॉक्टरांना खरं वजन ठाऊक आहे. तिथे कोट काढायला लावतात. तिला तेवढं मी बाहेर थांबवतो."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण ही गोष्ट मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितली नाही. कोट होता तसा खुर्चीवर ठेवला.

भाऊजी गेले. ज्या आठवड्यात गेले त्या आठवड्यातही काटा वरच गेला होता.

भेटायला माणसं येत होती. वर्गातल्या बायका आल्या, दिव्याखाली अंधार म्हणणारीही आली आणि सगळ्यांत जास्त तीच रडली. जाऊबाई प्रत्येकाला सांगत, "शेवटी शेवटी वजन वाढत होतं हो त्यांचं. माझ्या हातचं लागत होतं अंगाला." लोक माना डोलवत. मी चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने आत जाई. वाटे, बुडत्याला काडीचा आधार. या बाईची काडी आपल्या हातून मोडू नये.

मग कपाट आवरायचा दिवस आला. कपडे कुणाला तरी द्यायचे होते. मी सकाळीच खाली गेले, मनात एकच, तो कोट आधी आपल्या हातात यायला हवा. जाऊबाई शर्टांच्या घड्या घालत होत्या. मी कोट खुंटीवरून काढला आणि म्हटलं, "हा फार मळलाय ताई, मी वर नेते."

"ठेव तो," त्या म्हणाल्या.

"अहो, धुऊन आणते ना."

"शिशासकट धुणार आहेस?"

मी तिथेच पलंगावर बसले. जाऊबाईंनी घडी पुरी केली, ती ढिगावर ठेवली आणि मग माझ्याकडे बघितलं. "अगं, मी त्यांना रोज उचलून बाथरूममध्ये नेत होते. काट्याला फसवता येईल, माझ्या हातांना कसं फसवतील? शेवटी तर एखाद्या पोरासारखे हलके झाले होते."

"मग तुम्ही जिना चढून वर येऊन मला सांगायचात, वाढलं म्हणून! इतक्या मोठ्याने!"

"खाली त्यांना ऐकू जावं म्हणून. कोट चढवताना त्यांचा चेहरा बघितला होतास का तू? एवढं शिवून ठेवलेलं. मी नसते हसले तर काय वाटलं असतं त्यांना?"

मी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अस्तरावरून, त्या टाक्यांवरून हात फिरवला, आणि भाऊजी गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "ताई, पुरे. हसत गेले ते. तुम्ही हसवत पाठवलंत."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. "ते नंतरचं सगळं हसू खोटं होतं गं. त्याचं मला काही वाटत नाही. पण पहिले दोन किलो उतरले तेव्हा मी हसले ना, ते खरं होतं."