ताईचा बघायचा राहिलेला शेवट

धाराशिव शहर आणि परिसरातील समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या प्रश्नापायी आमच्या घरात कित्येक कप चहा निवून गेला, त्याचा फैसला अखेर एका मंगळवारी दुपारच्या खेळाला झाला. प्रश्न असा : जुन्या गाजलेल्या खूनखराब्याच्या सिनेमांचे नवे अवतार बघावेत की बघू नयेत? कमजोर काळजाच्या मंडळींनी कृपया पुढे वाचून मगच घाबरावे. आधीपासून घाबरून बसू नये.

खूनखराब्याचे सिनेमे म्हणजे कोणते, तेही सांगून टाकतो. त्यात मुखवटा घातलेला एक माणूस असतो. त्याच्या हातात कुऱ्हाड, सुरा, जे मिळेल ते असतं. चार पोरंपोरी सहलीला आडरानातल्या घरात येतात आणि हा त्यांना एकेक करून गाठतो. पुण्यात शिकणारी माझी लेक याला ‘स्लॅशर’ म्हणते. आम्ही लहानपणी ‘कुऱ्हाडीचा पिच्चर’ म्हणायचो आणि आमचं त्यावाचून काही अडलं नाही.

आमच्या लहानपणी बेंबळीत पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओवर सिनेमे लागायचे. खाली सतरंजी, समोर टेबलावर टीव्ही आणि वर तापलेले पत्रे. व्हिडिओवाला मोठा कलावंत माणूस. कुऱ्हाडीच्या पिच्चरमध्ये एक प्रसंग होता. नायिका अंधाऱ्या खोलीत लाकडी कपाटाकडे हळूहळू जाते, हात पुढे करते, दार उघडते... आणि नेमक्या त्या क्षणाला हा गृहस्थ शेडच्या मागे फटाक्यांच्या तेरखेड्याहून आणलेला सुतळी बॉम्ब उडवायचा. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज असा घुमायचा की कपाटातून काय बाहेर आलं हे पहिल्या खेळाला कोणीच बघितलं नाही.

सगळ्यांना वाटायचं, आवाज पिच्चरमधलाच आहे. पुढे दुसऱ्या एका व्हिडिओवाल्यानं तीच कॅसेट लावली तर कपाट नुसतं कर्रकर्र करत उघडलं. अख्खं गाव त्याच्यावर उखडलं. ‘‘आवाज कापला व्हय रं? पुरा पिच्चर दाव!’’ बिचारा शपथा घेत होता. तेव्हा कुठं सुतळी बॉम्बचं गुपित फुटलं.

पण ज्या दिवशी पहिल्यांदा तो बॉम्ब उडाला, त्या दिवशी माझी थोरली बहीण पुढच्या रांगेत मैत्रिणींसोबत बसली होती. ताई तेव्हा डी.एड.ला होती. धडाम झालं आणि ताई उठली. एक चप्पल शेडमध्ये, दुसरी हातात, आणि ती भर दुपारी बाजारातून घरापर्यंत पळाली. वाटेत तिनं एक शेळी ओलांडली. बाजूनं गेली नाही, वरून गेली. मीही तिच्या मागं पळालो. ते केवळ तिची चप्पल द्यायला, हे सुज्ञांना सांगायला नको.

ही गोष्ट म्हणजे माझा हुकमी प्रयोग. तिच्या साखरपुड्यात मी हा प्रयोग दाजींच्या पाहुण्यांपुढे केला. बारशांत केला, वास्तुशांतीत केला. शेळीची भूमिका मी स्वतः करतो. ताई पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली. तिच्या चपलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप व्हायचे. पण माझ्या प्रयोगात ती कायम एक चप्पल हातात घेऊन बाजारातून पळत राहिली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन शब्दांवर थांबणारा माणूस नव्हे. मंडप हसून लोटपोट झाला. शेवटी तिचा एक जुना विद्यार्थी, आता चांगला मोठा साहेब झालेला, पाया पडून म्हणाला, ‘‘बाई, आम्हाला वाटायचं तुम्ही कशालाच भीत न्हाय.’’ ताई हसली. पण घरी येताना रिक्षात म्हणाली, ‘‘मी रिटायर झाले ना? आता ही गोष्टपण रिटायर कर.’’

‘‘ताई, तिला पेन्शन लागू नाही,’’ मी म्हणालो. ती रिक्षा थांबेपर्यंत बाहेर बघत राहिली.

आणि यंदा त्याच पिच्चरचा नवा अवतार हिंदीत डब होऊन धाराशिवात लागला.

लेक सुट्टीला आली होती. तिचं म्हणणं, नवा बघायलाच हवा. ‘‘बाबा, तुमचा तो जुना म्हणजे टोमॅटो सॉसची बाटली नुसती. आता आवाज बघा, कॅमेरा बघा.’’ माझं म्हणणं, मुळीच बघू नये. जो दचका एकदा बसला तो परत बसत नाही. शिवाय आमच्या काळातला मारेकरी कसा भारदस्त होता! एक शब्द बोलायचा नाही. कुठून आला, का आला, काही सांगायचा नाही. गुपचूप यायचा आणि आपलं काम करून जायचा. नव्या सिनेमांत म्हणे त्याचं बालपणपण दाखवतात.

भाचीला भेटायला आलेली ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘‘तोच पिच्चर? कपाटाचा?’’

‘‘तोच आत्या. नवीन केलाय.’’

‘‘मग मी येणार. शेवटपर्यंत बसणार.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘पडद्यावर नावं येऊन संपेपर्यंत मी उठले न्हाय, तर तू ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची न्हाय. कुठंच न्हाय.’’

‘‘आणि उठलीस तर?’’

‘‘तर माझ्या नातवंडांच्या लग्नात माइक लावून सांग.’’

माझी बायको अशा वेळी पंच असते. ‘‘इंटरवलचं उठणं धरायचं नाही,’’ तिनं जाहीर केलं. मी हात पुढे केला खरा, पण लगेच मागे घ्यावासा वाटला. इतक्या वर्षांत घासूनपुसून लखलखीत केलेली माझी सगळ्यात चांगली गोष्ट मी पणाला लावली होती.

दुपारच्या खेळाला गर्दी नव्हती. मागे कॉलेजची चार-पाच पोरं, कोपऱ्यात एक जोडपं आणि मधोमध आमची वरात. ताईनं एसीसाठी शाल आणली होती आणि भाजलेल्या शेंगा. सिनेमा सुरू झाला. आवाज असा की खुर्ची पाठीत गुदगुल्या करत होती. मी पडद्याकडे कमी आणि ताईकडे जास्त बघत होतो.

कपाट आलं. तीच खोली, तोच अंधार, नायिका मात्र नवी. हात पुढे झाला. दार उघडलं. सुतळी बॉम्बांची अख्खी लडी पेटावी असा आवाज झाला. मागची पोरं ओरडली, जोडपं एकमेकांत शिरलं आणि माझ्या हातातलं पॉपकॉर्न छतापर्यंत जाऊन आलं.

ताईनं शेंग फोडली. ‘‘एवढंच?’’ ती म्हणाली. ‘‘तवाचा लई मोठा होता.’’

‘‘तो फटाका होता,’’ मी चिडून कुजबुजलो.

‘‘तेच तर मी इतकी वर्षं सांगते. मी पिच्चरला भ्याले नव्हते, फटाक्याला भ्याले होते.’’ हा बचाव आमच्या घरात पूर्वीच फेटाळला गेला आहे, पण तिनं अंधारात पुन्हा दाखल केला.

इंटरवलनंतर मी ज्याला भीत होतो तेच झालं. मारेकऱ्याचं बालपण सुरू झालं. बर्फात बुडालेलं एक घर, दुष्ट सावत्र बाप, तळघरात कोंडलेलं सात-आठ वर्षांचं पोर. वरच्या फटीतून त्याला सगळे जेवताना दिसतात आणि याच्या हातात रिकामी थाळी. मी लेकीच्या कानाला लागलो, ‘‘बघ, इथंच नासवलं. आता याची भीती कशी वाटणार?’’

‘‘आता तो माणूस वाटतो ना बाबा.’’

‘‘मला माणूस बघायचा असता तर मी बसस्टँडवर गेलो असतो.’’

‘‘बोलू नका रे,’’ ताई म्हणाली. आवाज मुख्याध्यापिकेचाच, पण जरा ओला. मागची पोरंसुद्धा गप्प झाली.

माझं मत मी अजून बदललेलं नाही. घाबरायचं असेल तर नव्याच्या वाटेला जाऊ नये. नव्यात सगळं समजावून सांगतात, आणि समजलेल्याची भीती वाटत नाही. पण एक कबूल करतो. जुना बघताना सगळं शेड त्या नायिकेसाठी ओरडत होतं, ‘पळ, पळ.’ त्या मुखवटेवाल्याकडे बघायची कोणाला फुरसतच नव्हती. नव्यानं ती फुरसत दिली. त्यासाठी तिकीट काढायचं का, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

शेवटचा प्रसंग त्याच तळघरात. नायिकेचा पाय मुरगळलेला, मागे भिंत. तो समोर. कुऱ्हाड वर गेली. तेवढ्यात मुखवटा सुटून पडला, आणि आत भला मोठा झालेला तोच पोरगा. हात वर, डोळ्यांत पाणी. मारीना आणि कुऱ्हाड खालीही घेईना. संगीत थांबलं. थिएटरमध्ये शेंग फोडली तरी ऐकू गेलं असतं.

आणि खुर्चीची बैठक खाडकन मिटली. ताई उभी होती!

माझ्या अंगावर आनंदाचे शहारे आले. उठली! नावं यायच्या आधी उठली! मी कोपरानं बायकोला ढोसलं. आजही माझं म्हणणं आहे की नियमाप्रमाणे ती हरली. बायको आणि लेक म्हणतात की उठणं वेगळं आणि पळणं वेगळं, शिवाय ती लगेच बसली आणि शेवटच्या नावापर्यंत हलली नाही. निकाल राखून ठेवलेला आहे. तोवर गोष्ट सांगायला मला बंदी आहे, म्हणून लिहिली.

पण त्या क्षणी ताईला ना पैज आठवत होती, ना मी, ना फटाका. शाल अर्धी खाली लोंबत होती. शेंगांची टरफलं पदरातून सांडत होती. दोन्ही हात पडद्याकडे पसरून, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशी ती ओरडली :

‘‘आरं लेकरा, मारायचं ऱ्हाऊ दे! सकाळधरनं जेवलास का न्हाय?’’