साडभाऊंचं पोर्तुगीज आमंत्रण

आमच्या थोरल्या साडभाऊंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, साठ वर्षांत एकाही माणसाला प्रश्न विचारू दिला नाही, आणि अखेर विचारू दिला तेव्हा त्याचं आमंत्रण पोर्तुगीजमधून दिलं.

शेलूबाजारजवळच्या त्यांच्या गावात ते बोलतात आणि बाकीचे ऐकतात, अशी साधी वाटणी आहे. सोयाबीनचं बियाणं असो की पोरींची स्थळं, त्यांचं उत्तर तयार असतं; प्रश्न नसला तरी. कुणी "पन भाऊ" म्हटलं की त्यांचा हात वर होतो. "पयले पुरं आयकून घे, मंग तुले प्रश्नच पडनार नाई." जवळच्याच मालेगावच्या डॉक्टरांनी एकदा काय त्रास होतोय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "थे मी सांगतो, तुमी फक्त लिवा." डॉक्टरांनी निमूट लिहिलं. गुणही आला, हे अधिक वाईट झालं.

गेल्या हंगामात शेतकऱ्यांच्या एका गटानं ब्राझीलमधल्या सोयाबीनवाल्यांशी ऑनलाइन भेट ठरवली आणि सरी-वरंब्यावरच्या पेरणीबद्दल बोलायला साडभाऊंना निवडलं. तिकडची भाषा पोर्तुगीज, म्हणून पुण्याच्या एक दुभाषी बाई मदतीला होत्या. शेवटी ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारायची विनंती करा, असं त्यांनी फोनवर सुचवलं. साडभाऊंचा हात सवयीनं वर झाला. पण पाहुण्यांचा मान ठेवायलाच हवा! "मंग त्याहिच्याच भाषेत सांगतो," म्हणाले आणि बाईंकडून वाक्य पाठ करून घेतलं: "पोर फावोर, फीकेंय आ व्होंताजी पारा पेर्गुन्तार." म्हणजे, कृपया, मोकळ्या मनानं विचारा.

मग पंधरा दिवस हेच. जीपमध्ये शेजारच्या आजीनं हात जोडून विचारलं, "कोन्या देवाचं होय बाप्पा हे?" पुतणीच्या लग्नात आशीर्वादाचं भाषण संपवताना सवयीनं तेच तोंडातून गेलं, तर मांडवातल्यांनी मंत्र समजून उरल्यासुरल्या अक्षता टाकल्या.

भेटीच्या दिवशी ग्रामपंचायतीत पडदा लावला होता. साडभाऊ झकास बोलले. शेवटी नमस्कार करून ते वाक्य असं खणखणीत म्हणाले, की पलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टोपी घातलेल्या एका वयस्क शेतकरी बाईंनी हात वर केला. दुभाषी बाईंनी मराठीत सांगितलं, "त्या विचारतायत, तुमच्यानंतर हे शेत कोण करणार?"

साडभाऊंचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. "दोन वर्सात वापस येतेच थो," असं ते गावभर छातीठोक सांगत. त्या दिवशी मात्र त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"मले माईत नाई, बाई. त्याले कधी इचारलंच नाई."

पलीकडून हळू आवाजात काहीतरी आलं. "त्या म्हणतायत, मीही नाही विचारलं. माझे दोघं शहरात आहेत."

साडभाऊंनी पडद्याकडे बघून हात जोडले, तिकडे बाईंनी टोपी काढली. त्याचं भाषांतर दुभाषी बाईंना करावं लागलं नाही.

माझ्याबरोबर घरी येताना साडभाऊ बांधावर थांबले आणि त्यांनी मुलाला फोन लावला. मी चार पावलं पुढे जाऊन उभा राहिलो. "तुह्या मनात काय हाये रे, बापू?" एवढंच मला ऐकू आलं. त्यानंतर ते फक्त ऐकत होते, मधूनच "हं" म्हणत होते. ऊन उतरून शेंगांवर आलं होतं.

फोन खिशात ठेवून ते माझ्याबरोबर चालू लागले. घराशी आल्यावर म्हणाले, "तुले काई इचाराचं असन, तं इचार."