नळाखाली पत्र्याची बादली

नांदगावात आमच्या गल्लीला नळाचं पाणी कधी आठवड्याने यायचं, कधी त्याहून उशिरा, आणि वेळ कुणालाच ठाऊक नसायची. म्हणून नळ उघडाच ठेवायचा आणि त्याखाली पत्र्याची रिकामी बादली. धार बादलीत वाजली की त्या घरातली बाई ओरडायची, "पाणी आलं गं!" आणि गल्लीभर हंड्यांची पळापळ. नळ बंद ठेवणारी बाई आमच्याकडे बावळट ठरायची.

वडील गेले आणि मी आईला नाशिकला आणलं, आमच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. ती यायलाच तयार नव्हती. लेकीच्या घरचं पाणीही घेऊ नये असं मानणाऱ्यांतली ती. माझ्या लग्नानंतर पहिली काही वर्षं ती येताना घरून पाण्याची बाटली भरून आणायची. मी तिला छळायचे, "का गं, आमच्या पाण्याला वास येतो?" या वेळी मात्र ती राहिली. हळूहळू रुळलीही. स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी तिने ताब्यात घेतली, नांदगावची बादली तिथल्या नळाखाली ठेवली. खालच्या सांडपाण्याच्या जाळीतून झुरळं येतात म्हणून तिच्यात चिंधीचा बोळा कोंबला. मी पाहिलं होतं तो बोळा. काढेन म्हणत राहून गेलं.

एका सकाळी सोसायटीने टाकी धुवायला पाणी बंद केलं. ग्रुपवर तसा मेसेज होता. मी तो वाचला आणि आईला न सांगता सातपूरला ड्यूटीवर गेले. आमच्या कंपनीत आत मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दुपारी वॉचमनने ऑफिसच्या नंबरवर फोन केला, "मॅडम, लवकर या."

घरात घोट्याएवढं पाणी होतं. आमचं फारसं बिघडलं नव्हतं. पण खालच्या काकूंच्या फ्लॅटमधलं पीओपीचं छत भिजून खाली आलं होतं, नेमकं पलंगावर, आणि पलंगावर त्यांच्या मुलीचं रुखवत मांडलेलं होतं. लग्न आठ दिवसांवर. कागदाचं तुळशीवृंदावन, मण्यांची तोरणं, साखरेचा बंगला. साखरेचा बंगला तर उरलाच नव्हता, चादरीवर गुलाबी डाग होता फक्त. त्या काकूंनी मला एक शब्दही सुनावला नाही. भिजलेलं तुळशीवृंदावन हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आई जिन्यात उभी होती. लुगड्याचा काठ ओला. म्हणाली, "पाणी नव्हतं गं, म्हनून नळ उघडा ठेवला. खाली बागेत बसले होते, पन कान वरच होते माझे. बादली वाजलीच नाय."

सात मजले खाली बसून ती बादलीचा आवाज ऐकत होती. हे मला आज दिसतं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. जिन्यात निम्मी बिल्डिंग जमली होती, त्यांच्यादेखत मी ओरडले, "हे नांदगाव नाही! आजपासून या घरातल्या एकाही नळाला हात लावायचा नाहीस. मला विचारल्याशिवाय नाही!"

"बरं," आई म्हणाली.

पुढचे आठ दिवस ती रोज खाली काकूंकडे जाऊन बसली. तुळशीवृंदावन नव्याने केलं, तोरणं ओवली. काकूंनी लग्नात तिला पहिल्या रांगेत बसवलं, साडी नेसवली. त्यांनी मनापासून माफ केलं. मीही केलं होतं, पण ते तिला सांगायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

आई मात्र विचारू लागली. "आंघोळीला जाऊ का? नळ सोडू का?" सुरुवातीला मी हसायचे, मग वैतागायचे, "अगं, विचारतेस काय?" पण "माझं चुकलं" असं काही तोंडातून निघालं नाही. सोपं म्हणून मी सकाळी निघताना तिचा माठ भरून ठेवू लागले. बादली तिने कधीच माळ्यावर टाकली होती.

चैत्रातली गोष्ट. नवरा गावाला गेलेला. मला सकाळी उशीर झाला आणि माठ भरायचा राहिला. संध्याकाळी आले तर आई हॉलमध्ये भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. ताट झाकलेलं, भाकरीला हात लावलेला नाही.

"आई, जेवली नाहीस?"

"घास उतरंना."

स्वयंपाकघरात गेले. माठ कोरडा. शेजारी तांब्या पालथा घातलेला. त्याच्यावर हातभर अंतरावर नळ होता. मी उघडला, धो धो पाणी आलं. दिवसभर होतं.

तांब्या भरून आणला. तिने दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला, मग पदराने तोंड पुसलं. मी तिच्यासमोर बसले. पर्समधून मोबाइल काढला, लॉकरमधून घेतल्यावर पाहिलाच नव्हता. आईचे चार मिस्ड कॉल होते, पहिला सकाळी दहाचा.

"फोन कशाला केला होतास गं?" मी विचारलं, जणू मला माहीत नव्हतं.

"काय नाय," आई म्हणाली. "नळ उघडू का, येवढंच इचारायचं होतं."